फाट्यावरच्या दोन रिंगा

बसा. शिवम, त्या दाराला टेकू नको, कडी सैल आहे. आणि फैजान, तो मोबाइल पालथा घाल बरं. मघापासून तिसऱ्यांदा वाजला. नाव दिसतंय, फोटो दिसतोय, तरी साहेब उचलत नाहीत. मग ते नाव दिसायचं कशाला? आमच्या वेळेला फोन कोणाचा आला एवढं कळावं म्हणून माणूस नांदेडपर्यंत जाऊन डबी आणायचा. हसू नका. त्याच डबीची गोष्ट सांगतो. शिवम आहे म्हणून मराठीत सांगतो, नाहीतर आमच्या घरात सगळी खिचडी असते.

घडलेली गोष्ट आहे. ज्याच्या घरात घडली तो ग्यानोबा अजून आहे, चाकूरच्या पुढं बोरवंडीत. जाऊन विचारा त्याला. बोलणार नाही तो, पण विचारा.

सन दोन हजार पाच. मी तेव्हा टेलिफोन खात्यात लाईनमन. बोरवंडी आणि आजूबाजूची सात गावं माझ्याकडं. सायकल, पक्कड आणि खांद्यावर वायरचं भेंडोळं. ऑक्टोबर सरत आला होता, कापसाची वेचणी चालू होती. एका दुपारी ग्यानोबाचा निरोप आला, ताबडतोब या. ग्यानोबाचं सगळंच ताबडतोब असायचं. माणूस सरळ, घरची बारा एकर, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण राग नाकावर. चहा गरम असला तरी चिडायचा आणि गार झाला तरी चिडायचा.

गेलो तर हा फरशीवर मांडी घालून बसलेला. पुढ्यात फाडलेला पुठ्ठा, वायरींचा गुंता आणि मधोमध कंपासपेटीएवढी एक काळी डबी. वर बोटभर काच.

"लालभाई, दुकानदारानं फसवलं मला," तो म्हणाला. "नंबर दाखवती म्हणला. सकाळपासून बघून राहिलो, काच कोरीच्या कोरी."

मी डबी हातात घेतली. मागं दोन भोकं असतात. एकात भिंतीकडून आलेली लाईन घालायची, दुसऱ्यातून वायर टेलिफोनला न्यायची. यानं बरोबर उलटं केलेलं. तीन सेल, त्यातला एक पालथा. सोबतचा कागद कुठं आहे म्हणून विचारलं, तर तो इंग्रजीत होता म्हणून यानं चुलीत घातलेला. मी वायरी बदलल्या, सेल सरळ केला. काच उजळली. तारीख आणि वेळ लावून दिली.

"आता दिसंल का नंबर?"

"अजून नाही. ही सोय एक्सचेंजातून चालू करावी लागते. अर्ज दे, आठ दिवस लागतील."

"डबी माझी, सेल माझे, घर माझं. अन् अर्ज कशाचा?"

मी कागद काढला आणि त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला. आठाचे बारा दिवस झाले. रोज सकाळी तो माझ्या दारात, जणू सोय मीच खिशात घेऊन फिरत होतो. आणि सोय चालू झाली तरी नंबर दिसेना. का? तर ही डबी पहिली रिंग संपल्यावर नंबर दाखवते, आणि आमचा ग्यानोबा दिवसा पहिली रिंग पुरी व्हायच्या आत झडप घालणारा. शेवटी मी त्याला उजवा हात पाठीमागं धरून बसायला सांगितलं. खोटं नाही सांगत. तेव्हा कुठं त्याच्या मेहुण्याचा नंबर काचेवर उमटला. तर हा म्हणतो, "याचा मला काय उपयोग? मेव्हणा तर आवाजावरून बी कळतो."

त्या दिवशी कस्तुराबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, चहा दिला आणि खरं कारण सांगितलं.

त्यांना एकच मुलगी, ऋतुजा. लातूरला नर्सिंग शिकायची, होस्टेलात राहायची. शनिवारी शेवटच्या बसनं यायची. बस काय गावात येत नव्हती. बोरवंडी फाट्यावर सोडायची आणि नांदेडकडं निघून जायची. फाट्यापासून गाव चार किलोमीटर. मध्ये ओढा, दोन्ही अंगाला बाभळी, दिव्याचं नाव नाही. फाट्यावर एकच हॉटेल होतं, लुंबिनीबाईचं, तेही नऊला बंद. तिच्या पत्र्याखाली मीच बसवलेला लाल टेलिफोन होता, रुपया टाकायचा. समोरच्यानं उचललं तर रुपया आत पडायचा. नाही उचललं तर खालच्या खोबणीतून परत यायचा.

आता तुम्हीच सांगा, आपले लोक काय करणार? तेव्हा आख्ख्या मराठवाड्यात हाच रिवाज होता. फोन लावायचा, दोन रिंगा द्यायच्या, ठेवून द्यायचा, रुपया परत. दोन रिंगा म्हणजे मी पोचले, न्यायला या. म्हणून रात्रीचा फोन ग्यानोबा उचलायचा नाही. उचलला तर पोरगी घरी येऊन भांडायची, माझा रुपया बुडवला म्हणून. ऋतुजाच्या दोन रिंगा आल्या की ग्यानोबा मोटारसायकल काढायचा.

"पण दसऱ्यापासून कवाबी वाजून राहिलं," कस्तुराबाई म्हणाल्या. "सोमवारी, बुधवारी, कवाबी. पावणेअकराच्या पुढं. दोन रिंगा, अन् बंद. हे उठतात, गाडी काढतात, फाट्यावर जातात. तिथं कुणी न्हाई."

"जाऊ नको मग," मी ग्यानोबाला म्हणालो.

"अन् एखांद्या दिवशी खरंच पोरगी असली तर?"

इथं सगळं अडलं होतं. जावं तर थंडीत आठ किलोमीटरचा हेलपाटा. न जावं तर तरणी पोर अंधारात एकटी उभी. जाऊन जाऊन माणूस कावला होता. तीन वेळा ओढ्यातल्या दगडावरून गाडी घसरली होती. गावातलंच कोणी टवाळ चेष्टा करतंय आणि त्याला नंबरासकट धरून चावडीवर उभं करायचं, एवढ्यासाठी ती डबी आणलेली.

तर डबी चालू झाली. तिसऱ्याच रात्री दोन रिंगा आल्या. ग्यानोबा हात पाठीमागं धरून बसला. काचेवर नंबर उमटला. सकाळी मला बोलावून दाखवला. मी बघितल्याबरोबर ओळखला. शेवटी शून्य सदतीस. फाट्यावरचाच लाल टेलिफोन.

"म्हणजे पोरगी करती तोच नंबर," ग्यानोबा म्हणाला. मग त्यानं डबीकडं असं बघितलं की मला वाटलं आता भिंतीवर आपटतो. "लालभाई, हिनं सगळं सांगितलं, अन् कायबी सांगितलं न्हाई."

खरं होतं त्याचं. नंबर कळला म्हणजे माणूस कळला असं नसतं. तुमच्या मोबाइलचंही तेच आहे.

मी लुंबिनीबाईला जाऊन विचारलं. ती म्हणाली, "मी नऊला कुलूप लावून घरी जाती. मागं कोण येतं, मला काय म्हाईत? पण भाऊ, तुमच्या मशिनीत रुपया अडकून राहिलाय, तेवढं बघा." खरंच अडकत होता. एकवीस नोव्हेंबर, सोमवार. मी तो टेलिफोन पत्र्याखालून उतरवला, सायकलला बांधला आणि चाकूरला ऑफिसात आणून टेबलावर खोलून ठेवला. मागचं झाकण एकीकडं, रिसीव्हर एकीकडं. कुलूप लावून घरी गेलो.

मंगळवारी सकाळी ग्यानोबा दारात.

"कालबी आली. मी जाऊन आलो. तिथं तर तुमचं मशीनच न्हाई."

"कुठून आली?"

"चला, बघा."

गेलो. काचेवर बघितलं. एकवीस अकरा. दहा बावन्न. शून्य सदतीस.

शिवम, मी तीस वर्षं वायरी ओढल्या. विजेच्या तारेला चिकटलेला माणूस सोडवला आहे मी. पण त्या सकाळी मी डबी उजेडात धरून तीन वेळा तोच नंबर वाचला. जो टेलिफोन माझ्या टेबलावर सुटा पडला होता, त्याच्यावरून रात्री दहा बावन्नला दोन रिंगा आल्या होत्या.

आणि मला तेव्हा आठवलं, ग्यानोबाच्या घरच्या फोनाला त्याचा नंबर दिला कोणी.

मीच.

थांबा, सांगतो. बोरवंडीत सोमेश स्वामी म्हणून एक किराणा दुकानदार होता. त्याची बायको शरणम्मा, माहेर तिकडं उदगीरच्या पलीकडं, कानडी मुलुखात. बोलायला गोड. मी लाईन बघायला गेलो की आतून आवाज यायचा, "बर्री, लालभाई, बर्री." बर्री म्हणजे या. माहेराहून यायची तीही त्याच शेवटच्या बसनं, आणि फाट्यावरून नवऱ्याला दोन रिंगा द्यायची. तिच्याकडं एक रुपया होता, त्याच्यावर नखपॉलिशचा लाल ठिपका दिलेला. चुकून खर्चात जाऊ नये म्हणून. मी एकदा चिडून म्हणालो, बाई, तुम्ही सगळेच असं करायला लागला तर खातं बंद पडेल. तर हसून म्हणाली, "माझा रुपया मला परत येतो भाऊ, तुमचं काय जातं?"

दोन हजार तीनचा सप्टेंबर. परतीचा पाऊस. दुपारी फोनवर नवरा-बायकोचं कशावरून तरी वाजलं होतं. रात्री दोन रिंगा आल्या. सोमेश रागात होता. उठलाच नाही. येईल म्हणाला, चालत येईल, तेवढीच खोड मोडेल. पुन्हा दोन रिंगा. पुन्हा दोन. मग बंद झाल्या.

ती चालत निघाली होती. ओढ्याला पाणी आलेलं. तिसऱ्या दिवशी सापडली, खाली बंधाऱ्यापाशी. पदराच्या गाठीत तो रुपया तसाच. त्यांच्यात जाळत नाहीत, माती देतात. मी होतो तिथं. सोमेशनं गाठ सोडली, रुपया तिच्या मुठीत ठेवला, मूठ मिटवली आणि वरून माती ओढली. महिन्याभरात दुकान विकून गेला तो. जाताना फोन परत केला.

आणि इकडं ग्यानोबा नवीन फोनासाठी माझ्या जिवावर उठलेला. सोमेशचं घर त्याच्याच गल्लीत. वायर तिथवर आलेलीच होती. कोण पुन्हा खांब रोवणार? मी तीच वायर पुढं ओढली आणि सोमेशचाच जुना नंबर त्याला दिला. ग्यानोबाला हे कशाला माहीत असणार? आणि मला कशाला वाटणार की नंबर दुसऱ्या घरी गेल्याचं कोणाला सांगायचं राहिलं आहे?

त्या मंगळवारी हे सगळं मी ग्यानोबाला सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. भीती वाटली आणि लाजही वाटली. मी म्हणालो, "डबीत बिघाड आहे. जुनेच नंबर परत दाखवते. तू शनिवार सोडून जाऊ नको."

"नक्की?"

"नक्की."

त्याला किती बरं वाटलं ते तोंडावर दिसत होतं. तेवढं माझ्या छातीवर अजून आहे.

बुधवारी टेलिफोन दुरुस्त करून मी पत्र्याखाली परत टांगला.

आता गुरुवार. चोवीस नोव्हेंबर. अंधारा पंधरवडा, चांद बारानंतर उगवणार. थंडी मरणाची. हे मला नंतर ग्यानोबानं आणि कस्तुराबाईंनी सांगितलं, दोघांनी वेगवेगळं, आणि दोघांचं तंतोतंत जुळलं.

दहा बावन्नला वाजलं. दोन रिंगा. बंद.

कस्तुराबाई उठून बसल्या. ग्यानोबा पांघरुणातून म्हणाला, "झोप. डबी बिघडली हाय. लालभाईनं सांगितलं."

"पण पोरगी…"

"आज गुरुवार हाय. पोरगी शनिवारी येती."

दहा सत्तावन्न. दोन रिंगा.

"अहो, जाऊन तर या."

"किती येळा जाऊ? तूच सांग. दसऱ्यापासून जाऊन राहिलो. हाडं गारठली माझी. कुणीतरी हसून राहिलंय तिकडं, अन् मी येड्यासारखा पळतो."

अकरा वाजून दोन मिनिटं. दोन रिंगा.

मग त्याचं डोकं फिरलं. उठला. डबी उचलली आणि भिंतीतली वायर हिसडून काढली. प्लास्टरचा तुकडा निघून खाली पडला. वायरीचं टोक हातात धरून बायकोला दाखवलं.

"हे बघ. आता वाजव म्हणावं."

घरात शांत झालं. एवढं शांत की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता.

अकरा सात.

वाजलं.

वायर त्याच्या हातात होती.

एक रिंग… दुसरी रिंग…

दोघंही हलले नाहीत.

तिसरी.

आजवर तिसरी कधी आली नव्हती. ना ऋतुजाची, ना ती दुसरी. डबीच्या काचेवर नंबर उमटलेला. शून्य सदतीस.

चौथी.

"उचला," कस्तुराबाई म्हणाल्या.

पाचवी…

त्यानं उचललं.

आधी काहीच नाही. मग वाऱ्यासारखं काहीतरी. मग लांबून, पाणी वाहतंय असं. आणि त्यात एक खणखणाट… रुपया पेटीत पडतो ना, तसा. अगदी स्वच्छ.

आणि बाईचा आवाज.

"पोरगी हितं हाय… एकली हाय… बर्री."

बस. एवढंच.

ग्यानोबानं चप्पल घातली नाही. गाडी कशी चालू झाली, ओढा कसा पार झाला, त्याला आठवत नाही. फाट्यावर पोचला. गाडीच्या दिव्याच्या उजेडात बघितलं.

लुंबिनीच्या बाकड्यावर ऋतुजा बसलेली. पिशवी मांडीवर घट्ट धरून.

होस्टेलात काविळीची साथ आली होती. त्या दुपारी सगळ्या पोरींना घरी पाठवलं. तिला वाटलं, फाट्यावर उतरून रिंगा देऊ. उतरली, बस गेली, आणि पर्स उघडली तर रुपयाचं नाणं नाही. सगळ्या नोटा. हॉटेल बंद. चार किलोमीटर चालायची हिंमत नाही.

"मग फोन कसा लावलास?" ग्यानोबानं विचारलं.

"मी कुठं लावला, दादा? माझ्याकडं रुपया नव्हता. त्या मावशीनं लावला."

"कोणती मावशी?"

ऋतुजानं सांगितलं ते असं. बस गेल्यावर थोड्याच वेळात एक जीप थांबली होती. आत तिघं. पिलेले. चल, सोडतो म्हणाले. एक जण खाली उतरायला लागला. तेवढ्यात पत्र्याखालून एक बाई आली. ओली होती. थंडीत ओली कशी, असं पोरीला वाटलं, पण तेव्हा विचारायची वेळ नव्हती. ती पोरीच्या पुढं येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. नुसती उभी. खाली उतरणारा थांबला, मागं सरकला आणि जीपमध्ये चढला. गाडी गेली ती दिवे न लावताच गेली.

मग मावशीनं नंबर विचारला नाही. सरळ लावला. दोन रिंगा, ठेवला. थोडं थांबली. परत दोन रिंगा, ठेवला. पोर म्हणाली, मावशी, राहू द्या, तुमचा रुपया… तर मावशी म्हणाली, "उठत न्हाईत गं. रागात असतात. पण तुझा बाप उठंल."

चौथ्या वेळेला मावशीनं फोन ठेवला नाही.

"कुठं हाय ती?" ग्यानोबानं विचारलं.

ऋतुजानं मागं वळून बघितलं. पत्र्याखाली कोणी नव्हतं. फरशी ओली होती, तेवढीच.

शुक्रवारी सकाळी मी पोचायच्या आतच मला सगळं कळलं होतं. मी ग्यानोबाच्या अंगणात उभा राहून सांगून टाकलं. शरणम्माचं, नंबराचं, माझ्या खोट्याचं. मनात म्हणालो, आज हा मला मारणार, आणि मारू दे. पोरीला काही झालं असतं तर मी कुठं तोंड दाखवलं असतं?

तो चिडला नाही. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा न चिडलेला बघितला. एवढंच म्हणाला, "दोन वर्सं झाली, लालभाई. दोन वर्सं ती तिथंच उभी हाय."

त्या रात्री त्यानं वायर भिंतीत परत घातली नाही. रिंगेची वाटही बघितली नाही. दहा चाळीसला गाडी काढली आणि एकटाच फाट्यावर गेला. मी लुंबिनीच्या हॉटेलाच्या आडोशाला होतो. मला त्याला एकट्याला जाऊ द्यायचं नव्हतं, आणि जवळ जायची छातीही नव्हती. त्यानं गाडी पत्र्यापाशी उभी केली. इंजिन चालू. मागची सीट हातानं पुसली. आणि अंधाराकडं बघून, एखाद्या पाव्हण्याला म्हणावं तसं म्हणाला,

"बसा. चला घरी."

थोडा वेळ तसाच थांबला. मग निघाला. एवढा राकट माणूस, पण गाडी अशी हळू नेली की मी सायकलवर मागं मागं जाऊ शकलो. ओढ्यात तर पाय टेकवत टेकवत गेला. सोमेशचं जुनं घर अजून बंदच होतं. तिथं थांबला. इंजिन बंद केलं. एवढा वेळ थांबला, जेवढा मागचा माणूस उतरायला लागतो.

गाडी जड लागली का, म्हणून मी त्याला नंतर एकदा विचारलं. तो म्हणाला, चहा घ्या.

त्यानंतर शनिवार सोडून त्या घरात दोन रिंगा कधी आल्या नाहीत. ऋतुजा पुढं नर्स झाली, लग्न होऊन रेणापूरला गेली. लाल टेलिफोन गेले. फाट्यावर आता मोठा रस्ता आहे, लुंबिनीचं हॉटेलही तिथं नाही.

काय, फैजान? पोरगी झोपेत होती, बापाला भास झाला, वायर कुठंतरी टेकली असेल? मीही असंच म्हणून बघितलं. वायरीचं मला सांगू नको, ते माझं काम होतं. पण बरं, ते सगळं सोड.

महिन्याच्या शेवटी त्या टेलिफोनची पेटी उघडायचं काम माझं असायचं. आत रुपये जमलेले असतात. किल्ली माझ्याकडं, दुसरी किल्ली नाही. बुधवारी टांगताना पेटी मी स्वतः रिकामी केली होती. तीस तारखेला उघडली. लुंबिनीच्या गिऱ्हाइकांची पाच-सात नाणी होती. ती काढली. तळाशी एक राहिलं होतं, चिकटून. चिखल लागलेला. मी नखानं सोडवलं, सदऱ्याला पुसलं.

कहकशां, ती खिडकी लाव गं. वारा येतोय.

हे घे, शिवम. हातात घे, काही होत नाही. उजेडात धर आणि पालथं कर. बघ, लाल ठिपका अजून आहे.